उजव्या मॅनिफोल्डचे आठ नट

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकतो. भाजीवाला वजन करायला लागला की मी आधी काट्याकडं बघतो आणि मग त्याच्या बोटांकडं. बायको म्हणते, तुम्ही प्रसादसुद्धा वास घेऊन खाता. अशा माणसाच्या दारात, मुकुंदवाडीतल्या घरी, दाजी येऊन गाडी खोलणार होते.

गाडी म्हणजे दोन दारांची, लाल, बसकी, वीस वर्षं जुनी स्पोर्ट्‌स कार. माझा एकुलता एक शौक. तिच्या इंजिनाच्या दोन्ही अंगांना बिडाचे मॅनिफोल्ड असतात, म्हणजे इंजिनातला जळका धूर गोळा करून सायलेन्सरकडं नेणारी नळकांडी. दोन्हींना तडे गेले होते. सकाळी गाडी चालू केली की टकटक आवाज यायचा आणि आत धुराचा वास भरायचा. अशी कामं मी व्हिडिओ बघून घरीच करतो. गॅरेजवाल्यांवर माझा विश्वास नाही, हे वेगळं सांगायला नको.

तेवढ्यात ताईचा पैठणहून फोन आला. "यांना बोलव की. रिटायर झाल्यापास्नं नुसते बसून हायेत. तेवढंच येणंजाणं सुरू हुईल."

येणंजाणं बंद पडलं होतं ते एका बॅटरीपायी. दाजी कारखान्यात इंजिनं जोडायचे, म्हणून वडिलांनी फार वर्षांपूर्वी जीप दुरुस्तीला त्यांच्याकडं दिली होती. ती परत आली तेव्हा आतली बॅटरी जुनी वाटली, आणि वडील भर पंगतीत म्हणाले, "बॅटरी बदललीय." दाजी ताटावरून उठले. खरं-खोटं कुणीच केलं नाही. तेव्हापासून ताई भाऊबीजेला यायची आणि ओवाळून लगेच परतीची एसटी धरायची. वडील गेले. त्यांचं घड्याळ मला मिळालं आणि हा संशयही.

या वेळी मात्र ताई चार दिवसांचे कपडे घेऊन आली होती. स्वयंपाकघरातून तिचं आणि बायकोचं हसणं ऐकू येत होतं. ते ऐकून मला बरं वाटत होतं, आणि तरी डोळे दाजींच्या हातांवरच होते.

नवे मॅनिफोल्ड मी आधीच मागवून ठेवले होते. जुने आम्ही सकाळीच उतरवले. गंजलेल्या नटांना त्यांनी आदल्या दिवशी मला फोन करून तेल सोडायला लावलं होतं, म्हणून नट बसतो तो आट्यांचा दांडा, स्टड, एकही तुटला नाही. मग दाजी नवे नट आणायला शहागंजच्या बाजारात गेले. त्यांना दोन तास लागले. शहागंजला जाऊन यायला तेवढा वेळ लागतो, हे मला मान्य आहे, पण मी घड्याळ बघितलं. आणलेले नट कागदाच्या पुडीत होते, खोक्यात नव्हते. तेही मी बघितलं.

"सर, डावी बाजू तुम्ही घ्या, उजवी मी घेतो," ते म्हणाले. ते मला सर म्हणतात, कारण मी कॉलेजात शिकवतो. मेव्हण्याला कुणी सर म्हणतं का? पण बॅटरीनंतर तसंच चालत आलं होतं.

आपल्या बाजूचा एकेक नट आवळून झाला की त्यावर ते पिवळ्या मार्करनं एक बारीक रेघ ओढत होते. नटावरून थेट खालच्या बिडावर.

"हे काय?"

"आवळून झाल्याची खूण. लाइनवरची सवय हाय. गरम झाल्यावर जळून जाती, पण चालू करायच्या आधी एक नजर टाकायला बरं पडतं."

खूण काय, न आवळताही करता येते, असं माझ्या मनात आलं आणि ते जेवताना घासागणिक वर येत राहिलं. जेवण झालं, दाजी हॉलमध्ये आडवे झाले. मी लांब पाना घेतला, बाहेर गेलो आणि त्यांच्या पहिल्या नटाला आवळायच्या दिशेनं जोर लावला.

नट हलला!

खरं सांगतो, मला आनंद झाला. वडील बरोबर होते, असं वाटलं. दुसरा हलला, तिसरा हलला, आठही केसभर हलले. मग काय सुचलं कोण जाणे, मी माझ्या बाजूचा एक नट बघितला. तोही हलला. एवढ्या लांब पान्यानं जोर लावला तर कुठलाही नट हलणारच. दाजींनी आपले नट मापाच्या, ठरलेला जोर दाखवणाऱ्या पान्यानं हवे तेवढेच आवळले होते. मी पाना ठेवून आत गेलो. रेघांकडं माझं लक्षसुद्धा गेलं नाही.

चहानंतर दाजींनी टॉर्च लावला आणि उजवीकडं वाकले. बराच वेळ वाकलेलेच राहिले. मी शेजारी जाऊन बघितलं. आठही रेघा मधोमध तुटल्या होत्या. नटावरची अर्धी रेघ पुढं सरकलेली, बिडावरची होती तिथंच.

"दाजी, मी जरा..."

"व्हय," ते म्हणाले. "बरं केलं."

त्यांनी आठही नट सैल केले आणि एकेक करून पुन्हा मापात आवळले. रेघा मात्र ओढल्या नाहीत. मी गाडी चालू केली. टकटक पार गेली होती. ताई आणि बायको बाहेर आल्या, ताईनं टाळीसुद्धा वाजवली.

दाजींनी हात पुसले, पाने पिशवीत भरले. मग ती पिशवी माझ्यापुढं धरून दोन्ही हातांनी उघडली.

"बघून घ्या सर. तुमचं काय आमच्याकडं आलं नाय ना?"

"अहो दाजी, काहीतरीच काय!" मी म्हणालो. पण म्हणता म्हणता माझी नजर पिशवीत गेली. तळापर्यंत गेली.

ताईनं ते बघितलं. ती आत गेली आणि दोरीवर वाळत घातलेली आपली ओली साडी काढून, कपड्यांच्या पिशवीत कोंबत बाहेर आली.