भुऱ्याच्या गळ्यातला बिल्ला

कौसा गेली तेव्हा मी लातूरच्या दवाखान्याखाली टपरीवर चहा पीत होतो. शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीचा जावई जिन्यातून ओरडला, "बाबा, वर या लवकर," आणि त्याच्या आवाजावरूनच मला कळलं. तरी मी कपातला चहा संपवला. असं का केलं ते सांगता येत नाही... गरम होता, अर्धा राहिला होता. वर गेलो तर नर्सबाई सलाईन काढत होती आणि कौसाचा उजवा हात चादरीच्या बाहेर पडला होता. आमचा पन्नास वर्षांचा संसार. लोक म्हणतात, शेवटच्या घडीला जवळ असावं. मी नव्हतो.

आता पाच आठवडे झाले. पुण्यानुमोदनाच्या सभेला चार जण उठून बोलले. बाई प्रेमळ होत्या, मुक्या जिवांची माय होत्या, असं बोलले. मी तिसरी शिकलेला माणूस, जिंदगी मोंढ्यात पोती वाहण्यात गेली, सभेत बोलता येत नाही, म्हणून गप्प बसलो. पण ते खरं नव्हतं. जनावरांच्या दवाखान्यात तिनं तीस वर्षं काम केलं, पण कुत्र्यामांजरांचा तिला लळा नव्हता. ती त्यांचे जबडे फाकवायची, कानात बोटं घालून गोचिड उपटायची, जंताचं औषध गालफडात ओतून तोंड मिटून धरायची. कुत्रं केकाटलं तरी हात ढिला सोडायची नाही. तिचं गुणगान करायला मी हे लिहीत नाही. एका माणसाला एक खरी गोष्ट सांगायची राहिली आहे. जाता जाता ते काम ती माझ्यावर टाकून गेली.

उदगीरच्या अलीकडे आमचं बाजाराचं गाव. लातूर जिल्हा नवा झाला होता आणि पाऊस नव्हता. नव्या जिल्ह्याबरोबर साहेब लोक आले, साहेबांबरोबर त्यांची कुत्री आली. उभ्या कानांची, लांब केसांची, आम्ही कधी न बघितलेली. जनावरांच्या दवाखान्यात तोवर फक्त बैल आणि म्हशी यायच्या. त्यात चारा नाही म्हणून लोकांनी जनावरं विकून टाकली, आणि दवाखान्यात कुत्रीच जास्त दिसायला लागली. डॉक्टर नवीन, पोरसवदा, लग्न व्हायचं होतं. त्यांना झाडलोट करायला बाई पाहिजे होती. कौसा लागली. आठवडाभरात झाडू बाजूला राहिला आणि ती कुत्री धरायला लागली, कारण बाकी कुणी धरायला तयार नव्हतं. डॉक्टर म्हणायचे, "कौसाबाईंनी धरलं की सुई सरळ जाते." आम्ही बौद्ध. साहेबांच्या बायका कुत्र्याच्या जबड्यात हात घालायला कौसाला हाक मारायच्या आणि तिच्या हातचं पाणी मात्र घ्यायच्या नाहीत. त्या दुष्काळात, जेव्हा घोटाघोटाला माणूस भांडत होता, तेव्हासुद्धा. कौसा हसायची. म्हणायची, "बरं हाय की, तेवढं पाणी वाचलं."

गावात तेव्हा पंचायतीची माणसं मोकाट कुत्रं दिसलं की त्याच्यापुढं विषाचा लाडू टाकत. ज्याच्या गळ्यात बिल्ला, त्याला सोडत. बिल्ला पत्र्याचा, वर नंबर ठोकलेला, आणि तो पिसाळण्याविरुद्धची सुई दिल्यावरच मिळायचा. आमच्याकडे भुऱ्या नावाचं गावठी कुत्रं होतं. सुईच्या दिवशी सकाळी कौसानं मला बजावलं, "भुऱ्याला घिऊन या. मला आत दांडगी कुत्री धरायची हायेत, हलता यायचं न्हाई. गरीब कुत्र्यांला डॉक्टर भाईर ओट्यावरच टोचत्यात. रांगेत उभं ऱ्हावा, आन् कुणी काय बोललं तर कान नसल्यावानी करा."

मी सुतळी बांधून भुऱ्याला नेलं. पुढं-मागं साहेबांचे शिपाई, त्यांच्या हातात कातडी पट्टे, पट्ट्यांना साहेबांची कुत्री. एका शिपायानं भुऱ्याकडं बघितलं आणि म्हणाला, "ह्याला सुई कशाला वाया घालवता? ह्याला लाडू द्या, लाडू." सगळी रांग हसली. मीसुद्धा हसलो. तेच मला अजून सोसत नाही, की मीसुद्धा हसलो. भुऱ्या शेपटी हलवत होता. मग मी रांगेतून निघालो, आणि दाराजवळच्या मेजावर डब्यात बिल्ले ठेवले होते त्यातला एक उचलला. डॉक्टर तेवढ्यापुरते आत गेले होते, कुणी बघितलं नाही. आत कौसा एका दांडग्या कुत्र्याचा जबडा दाबून बसली होती, तिचा आवाज येत होता. घरी येऊन मी बिल्ला भुऱ्याच्या गळ्यात बांधला. सांजेला कौसा आली, बिल्ला चाचपला, म्हणाली, "झालं का?" मी म्हणालो, "झालं."

दोन महिन्यांनी भुऱ्या खाटेखाली जाऊन बसला. भुंकेना, चावेना. खालचा जबडा लोंबत होता, लाळ गळत होती. कौसा म्हणाली, नरड्यात हाड अडकलं असंल. मी दारात उभा होतो.  मी म्हणालो, "राहू दे, डॉक्टरला दाखवू."

"डॉक्टर उदगीरला गेलेत. तवर मरंल की हे."

"नको घालू हात."

"बिल्ला हाय की त्याच्या गळ्यात! हमाली करता, शंभर किलोचं पोतं उचलता, आन् घरच्या कुत्र्याला भेता व्हय?"

त्या वेळी एक वाक्य बोलायचं होतं. सुई दिलेली नाही, एवढंच. तोंडापर्यंत आलं होतं... तिनं मनगटापर्यंत हात घातला. आत हाड नव्हतं. हात बाहेर काढताना सुळा लागला, मनगटावर रेघ उमटली. तिसऱ्या दिवशी भुऱ्या मेला. डॉक्टर परतले, त्यांनी भुऱ्या बघितला, मग कौसाच्या मनगटावरची रेघ बघितली. कौसाचा हात त्यांनी स्वतः साबण लावून धुतला, त्या दुष्काळात दवाखान्याची अर्धी टाकी त्या एका हातावर ओतली, आणि म्हणाले, "आजच्या आज नांदेड."

तेव्हा माणसाला पोटात चौदा सुया घ्याव्या लागत. माझ्या बहिणीकडे नांदेडला राहून कौसानं त्या घेतल्या. बहीण सांगायची, पोट सुजून दगडासारखं झालं होतं, पदर लागला तरी ओरडायची. आणि मी काय केलं? गावातले लोक विचारायला लागले, बिल्ला असून कुत्रं पिसाळलं कसं. उद्या हे माझ्यावर येईल म्हणून मीच आधी दवाखान्यात गेलो आणि भर बाजाराच्या दिवशी दारात उभा राहून ओरडलो, "तुमच्या सुईत पाणी होतं! माझ्या बायकोला मारलं तुम्ही!"  शंभर कुत्र्यांतलं एक डॉक्टरांना कुठून आठवणार? खाली मान घालून म्हणाले, "सुईच्या आधल्या आठवड्यात लाईट गेली होती. औषध गरम झालं असेल... माझीच चूक." दुसऱ्या दिवशी त्यांनी उरलेल्या सगळ्या बाटल्या मागच्या खड्ड्यात फोडून पुरल्या. खड्डा मीच खणला. मदत म्हणून गेलो होतो, म्हणजे लोकांना बरं दिसेल. ते औषध चांगलं होतं. पुढची खेप यायला उन्हाळा संपला. तोवर किती कुत्री सुईवाचून राहिली आणि कुणाकुणाला चावली, याची मी कधी कुणाकडे चौकशी केली नाही. डॉक्टर बदली मागून गेले. जाताना कौसाच्या पाया पडले. एवढा शिकलेला माणूस.

कौसा वाचली. परत कामाला गेली, पण माणूस बदललं. कुत्र्याला सुई टोचताना स्वतः डोळ्यांनी बघितल्याशिवाय ती बिल्ला बांधू द्यायची नाही, मग कुत्रं कुणाचंही असो. एका बड्या साहेबाच्या बाईला तिनं तोंडावर सांगितलं, "तुमच्या शब्दावर बिल्ला मिळायचा न्हाई, बाईसाहेब. कुत्रं आणा." पिल्लू तीन महिन्यांचं झालं की सुई, मग दर साल सुई, कुणी विसरलं तर घरी जाऊन शिव्या द्यायची. कुत्रं चावलं म्हणून कुणी जखमेत मिरची भरून आलं तर आधी माणसाला फैलावर घ्यायची: "भाजी करायची हाय का पायाची? साबण लाव, धू. प्यायचं पाणी सरलं तरी धू. आन् पळ माणसाच्या दवाखान्याकडं." गल्लीत पुन्हा कुणी पिसाळून मेलं नाही. घरात मात्र ती माझ्याशी कामापुरतं बोलायची. मला वाटायचं, सुयांनी तिचा स्वभाव कडू झाला.

लातूरला भरती केल्यावर तिसऱ्या दिवशी, मी तिचे पाय दाबत असताना, ती छताकडं बघत म्हणाली, "भुऱ्याला सुई दिलीच न्हवती तुमी."

माझे हात थांबले.

"सुई टोचलेलं कुत्रं त्या सांजंला मलूल असतंय. कितीतरी बघितलेत मी. भुऱ्यानं त्या सांजंला दीड भाकर खाल्ली. नांदेडात पाचव्या सुईला आठवलं मला."

"मग बोलली का नाहीस? चाळीस वर्षं?"

"बोलले असते तर तुमी रडला असता, पाया पडला असता, आन् मोकळे झाला असता. मला चौदा टोचल्या. तुमाला मी एकच टोचली आन् आतच राहू दिली."

मी रडायला लागलो. ती म्हणाली, "आता रडू नका. वार्डात लोकं झोपलेत." मग म्हणाली, "डॉक्टरचं मातर माझ्याबी मानगुटीवर हाय. तो पाया पडला तवा मला ठावं होतं. सांगितलं असतं तर तुमाला गावात तोंड दाखवायला जागा न्हवती, आन् पोरं बारकी होती. मी त्याला तसंच जाऊ दिलं. मी चालले. तुमी जिते हाव, तुमी सांगा."

डॉक्टर बिलोलीकडचे. कुणी म्हणतं तिकडे राहतात, कुणी म्हणतं हयात नाहीत. मागच्या आठवड्यात मी बसनं बिलोलीला जाऊन आलो, घर सापडलं नाही. ते पेपर वाचत असतील, नाहीतर त्यांचं कुणीतरी वाचत असेल, म्हणून हा कागद पेपराला पाठवतो. नाव लिहीत नाही, ज्याचं त्याला कळेल. डॉक्टरसाहेब, तुमच्या सुईत पाणी नव्हतं. औषध गरम झालं नव्हतं. भुऱ्याला ती सुई मिळालीच नाही, बिल्ला मी चोरला होता. कौसाला तुम्ही वाचवलंत. माफी मागत नाही. माफी मागितली की माणूस हलका होतो, आणि ते तिला नको होतं.

घरी आता मी एकटा असतो. सकाळी उंबऱ्यावर बसतो. आमच्या गल्लीतली कुत्री अजून आमच्या दारासमोरून सरळ जात नाहीत. वरच्या कोपऱ्यापासूनच शेपटी आत घालतात, पलीकडच्या भिंतीला घासून, माझ्या मागच्या अंधाऱ्या खोलीकडं तिरपं बघत निघून जातात. मला कुणी भीत नाही. बाई आतच आहे, आत्ता बाहेर येईल आणि जबडा धरील, असं त्यांना वाटतं. मी त्यांना हाकलत नाही, भाकरीचा तुकडाही टाकत नाही. ती भिऊन जातात तेवढा वेळ मीसुद्धा मागं वळून बघत नाही.