एका पायावरची नक्षी

संग्रहालयाच्या तळघरात दगडातून जुनी हाडं मोकळी करणाऱ्या माणसाला सगळे लख्खकाका म्हणत. काम लख्ख झालं पाहिजे, हा त्यांचा कायमचा धोशा. हातात सुई, डोळ्याला भिंग, आणि हाडाभोवती काळपट डाग दिसला की कपाळावर आठी. तो डाग खरवडून काढायचा, असं त्यांना गुरूंनी शिकवलं होतं आणि गुरूंना त्यांच्या गुरूंनी. काढत सगळेच, पण काकांसारखा हात कुणाचा नव्हता. वरच्या दालनातला कोंबडीएवढा प्राणी त्यांच्याच हातचा. त्याची हाडं इतकी स्वच्छ की लोक काचेला नाक लावून बघत आणि काका जिन्यात उभे राहून त्या लोकांना बघत.

मग संशोधक बाई आल्या, त्याच खाणीतला, त्याच जातीच्या प्राण्याचा नवा दगड घेऊन. काका सवयीने सुई टेकवणार, तोच बाईंनी त्यांचा हात धरला.

"काका, थांबा! तो मळ नाही. पिसं आहेत ती."

प्राणी मेला तो बारीक गाळात बुडाला, बाई सांगू लागल्या. हवा लागली नाही, म्हणून कातडी आणि पिसं पुरती कुजली नाहीत. त्यांचा काळा थर दगडावर राहिला. त्या थरात रंगाचे अतिसूक्ष्म कण असतात, आणि कणांच्या आकारावरून रंगही ओळखता येतो. हा प्राणी शेपटीकडे तांबूस होता. आजवर खरवडलेला सगळा मळ काकांच्या डोळ्यांपुढून गेला.

"याचे पाय मात्र तुटलेत," बाई म्हणाल्या. "पायावर खवले होते की पिसं, ते तुमच्या वरच्या प्राण्यावरूनच कळेल. नखाएवढा थर उरला असेल तरी पुरे. डोळ्याला दिसला नाही, तरी या जांभळ्या दिव्याखाली चमकेल."

जन्मभर कुणाची हयगय खपवून न घेतलेला हा माणूस त्या दिवशी देव पाण्यात घालून बसला, की आपल्या हातून कुठेतरी हयगय झालेली असू दे. आणि त्यांना मेहुणा आठवला. बायकोचा धाकटा भाऊ, तळघरात काकांच्याच हाताखाली कामाला, आळसाचा पुतळा. सुई धरली की जांभई. त्या प्राण्याचा डावा पाय त्याच्याकडे होता आणि त्याने तो काळाच ठेवला होता. कामात नात्याची भीड नको म्हणून काकांनीच साहेबांना सांगून त्याला कामावरून काढायला लावलं. तो खाणीवर गेला, छातीत धूळ भरून मेला. तेव्हापासून बायको काकांशी कामापुरतं बोले.

काच काढली, दालन अंधारलं. दिवा डोक्यावरून, मानेवरून, शेपटीवरून फिरला. काहीच चमकलं नाही. मग डावा पाय. तोही कोरडा ठणठणीत. मेहुण्याला काढल्यावर रागाच्या भरात तो पाय आपणच घासून काढला, नेहमीपेक्षा चार हात जास्तच, हे काकांना तेव्हा कुठे आठवलं.

"काय हात आहे हो तुमचा," बाई मनापासून म्हणाल्या आणि त्यांनी दिवा बंद केला.

घरी काकांनी ताटाला हात लावला नाही. बायकोने विचारलं, तेव्हा त्यांनी सगळं सांगितलं.

"तो मला म्हणाला होता," ती म्हणाली. "'ताई, पायावर बारीक नक्षी होती गं, खवल्यांसारखी. काढवेना.'"

"मग मला का नाही सांगितलंस?"

"मी कशाला? त्यानेच तुम्हाला सांगितलं होतं."

खरंच सांगितलं होतं. कामचुकाराला सबबी बऱ्या सुचतात, असं म्हणून काका तसेच साहेबांच्या खोलीत गेले होते.