जिन्याच्या वळणावरचा संगणक

जळगावच्या ज्या इंजिनिअरिंग कॉलेजात मी नव्वदच्या दशकाच्या शेवटी हंगामी नोकरीला होतो, तिथे लिनक्स चालणारा संगणक एकच होता आणि तो जिन्याच्या वळणावर ठेवलेला होता. वरच्या मजल्यावर कॉम्प्युटर विभाग, खाली इलेक्ट्रॉनिक्स. संगणक दोन्ही विभागांनी मिळून घेतलेला, त्यामुळे वर ठेवला तर खालच्यांचा अपमान आणि खाली ठेवला तर वरच्यांचा. शेवटी वळणावर झाडू-बादल्या ठेवायची एक खोली होती, तिथे त्याची स्थापना झाली. दाराला दोन विभागांची दोन कुलपं लागली. मी त्या खोलीचा सिस्टिम अॅडमिनिस्ट्रेटर. बादल्या अधूनमधून परत यायच्या, त्यांना कोणी अडवत नसे.

कॉम्प्युटरचे विभागप्रमुख, म्हणजे वरचे सर, रावेरकडचे. खालचे सर यावलचे. दोघांच्याही घरी केळीच्या बागा आणि दोघांच्याही घरात वाटण्या झालेल्या. आमच्या भागात भावाभावांत जमीन वाटली जाते, पण विहीर वाटता येत नाही. ती सामाईक राहते, पाण्याच्या पाळ्या लागतात, आणि प्रत्येक भाऊ त्याच विहिरीवर आपली वेगळी मोटर बसवतो. भावाच्या मोटरीवर विसंबायचं नाही, हे तिथे शेंबडं पोरही जाणतं. हे शहाणपण दोघा सरांनी आपापल्या डिग्र्यांसोबत कॉलेजात आणलं होतं. संगणकालाही पाळ्या होत्या, सकाळी वरचे आणि दुपारी खालचे.

आपल्या पाळीत दुसऱ्याची माणसं चोरून मोडेम लावतात, असा दोघांनाही संशय होता आणि तो दोघांचाही खरा होता. लिनक्समध्ये कोण आलं, कोण गेलं, मोडेमने फोन कधी लावला, याच्या नोंदी एक प्रोग्राम आपोआप फाइलमध्ये लिहीत असतो. खालचे सर ती फाइल जेवणाच्या सुट्टीत आवडीने वाचत. हे कळल्यावर वरच्या सरांनी कुठल्याशा मासिकाबरोबर आलेली सीडी माझ्यापुढे ठेवली. तिच्यात नोंदी लिहिणारा दुसरा प्रोग्राम होता.

"हा आमचा. तो राहू द्या त्यांचा," सर म्हणाले.

मी समजावून पाहिलं. संगणकातल्या नोंदींच्या सगळ्या चिठ्ठ्या एकाच पेटीत पडतात. दुसरा प्रोग्राम सुरू झाला की तो पहिल्याची पेटी काढून टाकतो आणि त्या जागी स्वतःची मांडतो. पहिला जागाच असतो, पण त्याच्याकडे काही येत नाही, आणि तो तक्रारही करत नाही. एकच प्रोग्राम ठेवू, तो दोन फाइली लिहील, असं मी सुचवलं. सरांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे अस्सल त्यांच्याकडे आणि नक्कल माझ्याकडे? विहिरीवर दोन मोटरी चालतात हो. हे तर साधं मशीन आहे."

मी बसवला. नाही म्हणायची माझी ऐपत नव्हती, कारण चाळीसगावची एक मुलगी मला मनापासून आवडली होती. तिलाही मी पसंत होतो, याचं मला आजही आश्चर्य वाटतं. अडलं होतं ते तिच्या वडिलांपाशी. आबा भुसार मालाचे व्यापारी, आणि न तपासलेलं पोतं त्यांनी आयुष्यात उचललं नव्हतं. भेटले की विचारायचे, "कायम व्हयनात का भाऊ?" कायम व्हायला दोन्ही विभागप्रमुखांच्या सह्या लागतात, हे मीच एकदा भाबडेपणाने बोलून गेलो. तेव्हापासून प्रश्न बदलला.

"दोन्ही सायेबसन्या सह्या व्हयन्यात का?"

"नही आबा, आजून नही."

"पत्र उनं का लई या. मंग बठ्ठं जमाडी टाकू." म्हणजे पत्र आलं की घेऊन यायचं, मग लग्नाचं सगळं जमवून टाकू.

इकडे वरच्या सरांची फाइल भरू लागली आणि खालच्यांची कोरी पडली. आपली माणसं दुपारभर राबतात आणि नोंद एकही नाही, म्हणजे मी वरच्यांना फितूर झालोय, असा त्यांनी अर्थ काढला. मी त्यांचा प्रोग्राम बंद करून पुन्हा सुरू केला. आता वरच्यांची फाइल कोरी झाली आणि मी खालच्यांना फितूर झालो. जो प्रोग्राम शेवटी सुरू होईल त्याचं राज्य, हे गुपित दोघांनाही लवकरच उमगलं. मग दोन पीएचडी झालेली माणसं संध्याकाळी घरी जायच्या आधी जिन्याच्या वळणावर घुटमळायची, समोरचा आधी निघावा आणि आपला प्रोग्राम शेवटी सुरू करता यावा म्हणून. एकदा तर दोघेही बराच वेळ नोटीस बोर्ड वाचत उभे होते, आणि बोर्डावर काहीही लावलेलं नव्हतं.

प्रकरण प्राचार्यांकडे गेलं. प्राचार्य सिव्हिलचे, त्यांना सगळं समान उंचीवर लागे. त्यांनी निवाडा दिला: दोन्ही प्रोग्राम राहतील, आणि प्रत्येक प्रोग्राम आपल्याकडे आलेली प्रत्येक नोंद दुसऱ्याला पाठवेल.

मी म्हणालो, "सर, याने त्याला पाठवली की तो परत याला पाठवेल. नोंद फिरतच राहील."

"फिरू द्या की," प्राचार्य म्हणाले. दोघे विभागप्रमुख माझ्याकडे बघत होते आणि त्यांच्या सह्या व्हायच्या होत्या. मी दोन्ही प्रोग्राम एकमेकांना जोडून दिले, आणि नोंदी साठू लागल्या की जुन्या पुसत बसलो. दिवसभराचं माझं काम तेवढंच उरलं, रात्री संगणक बंद करून जायचो.

मला कायम करायची बैठक ठरली त्या दिवशी सकाळपासून मला इस्त्रीच्या कपड्यांत बैठकीच्या खोलीबाहेर बाकावर बसवलं होतं. त्याच सकाळी केळी भरलेला एक ट्रक कॉलेजच्या फाटकावरची टेलिफोनची तार घेऊन गेला. मोडेमने फोन लावून पाहिला, त्याला डायलटोन मिळाला नाही आणि त्याने तशी नोंद दिली. ती वरच्यांच्या प्रोग्रामने खालच्यांना पाठवली, खालच्यांच्याने वरच्यांना, आणि पुसायला खोलीत कोणीच नव्हतं. दुपारपर्यंत हार्ड डिस्क काठोकाठ भरली. कोणाला आत शिरता येईना, कोणाची मेल उघडेना. बैठकीतली सगळी मंडळी जिन्यात येऊन उभी राहिली. मी फाइल उघडून दाखवली. डायलटोन नाही, डायलटोन नाही, डायलटोन नाही. दोन्ही सरांच्या फाइली त्या दिवशी पहिल्यांदा हुबेहूब सारख्या होत्या.

आठवडाभराने पत्र आलं. "सदर कर्मचाऱ्यास नोंदी व्यवस्थित ठेवता येत नाहीत, सबब सेवेत कायम करू नये." खाली वरच्या सरांची सही, तिच्या शेजारी खालच्या सरांची, दोन्ही एकाच शाईत. एवढ्या काळात या दोघांचं एका वाक्यावर एकमत झालेलं मी पाहिलं नव्हतं. माझा इतका संताप झाला की मी दोन्ही कुलपं लावली आणि किल्ल्या बाहेरच्या एका बादलीत टाकल्या.

आबांना शब्द दिला होता, म्हणून चाळीसगावला गेलो. ते ओसरीवर बसले होते. माझ्या हातातलं पाकीट बघून त्यांनी आतल्या माणसांना चहा टाकायला सांगितलं.

"दोन्ही सायेबसन्या सह्या व्हयन्यात का?"

"व्हयन्यात, आबा," मी म्हणालो.

ते मनापासून हसले. मी पाकीट त्यांच्या हातात दिलं. त्यांनी चष्मा लावला आणि आधी सह्या पाहिल्या, मग वरचा मजकूर वाचला. तेवढ्यात ती चहाचा ट्रे घेऊन दारात आली, आणि आबांनी कागदावरची नजर न काढता हात वर करून तिला तिथेच थांबवलं.