कणगीतली बक्षिसं

माझ्या भावाला पुढे इतके मानसन्मान मिळाले की वहिनीने अख्खी एक खोली काचेच्या कपाटांना देऊन टाकली. रॉक वाजवणारा म्हणून त्याचं नाव झालं, परदेशात बोलावणी आली, पेपरात फोटो आले. लोक मला विचारतात, ह्यातलं सगळ्यात मोठं बक्षीस कोणतं? मी म्हणते, ह्यातलं एकही नाही. मोठी होती ती पहिली तीन, आणि ती आमच्या केडगावच्या घरात ज्वारीच्या कणगीत पुरलेली होती.

झालं असं की दादा नागापूरला एका वर्कशॉपात लेथवर लागला होता. नगरच्या कॅम्पातल्या एका फौजीने बदली होऊन जाताना त्याला आपली गिटार दिली. ती घेऊन तो घरी आला आणि आबांनी घर डोक्यावर घेतलं. "वाजवनं आपलं काम न्हाई. आपल्या दारात वाजतं, आपन दुसऱ्याच्या दारात वाजवीत न्हाई. पुन्यांदा हे लाकूड हातात दिसलं तर हा उंबरा तुला बंद!" आबा बोलले ते करणारे होते. आणि हा निव्वळ माज होता, मला तेव्हाही तो आवडला नव्हता. ज्यांच्या सनईवर आपली लग्नं लागतात त्यांना जेवायला मात्र शेवटच्या पंगतीला बसवायचं, ही आमची रीत.

दादा मुंबईला गेला. आबांना वाटत होतं तिथे मोठ्या कंपनीत लेथ चालवतोय. लेथ कधीच सुटला होता. चार पोरांचा बँड होता, मोठमोठ्या हॉलमध्ये कार्यक्रम होत होते. मुंबईत राहायचं ठिकाण धड नव्हतं, म्हणून मिळालेलं बक्षीस तो टॉवेलात गुंडाळून घरी आणायचा आणि माझ्या हातात कोंबायचा. गिटार मात्र पुणे रोडवरच्या चहाच्या दुकानात ठेवून यायचा.

घरात बक्षीस लपवायचं कुठे? मला एकच जागा दिसली. कणगीला घरातला पुरुष हात लावत नसे. दाणे काढणं बाईचं काम. नवी ज्वारी भरायच्या आधी मी पहिल्या वर्षी एक कप तळाशी ठेवला, दुसऱ्या वर्षी लाकडी ढाल. आईने बघितलं आणि वरून ज्वारी ओतायला लागली. मग फ्रेममध्ये बसवलेली एक सोनेरी रेकॉर्ड आली, तीही गेली आत.

आणि मग दुष्काळ पडला. नवी ज्वारी आलीच नाही. कणगी रोज खाली खाली जायला लागली आणि माझा जीव वर वर यायला लागला. आम्ही मायलेकींनी रेशनवरची परदेशी लाल ज्वारी, मिलो, आणून स्वतः तिच्या भाकरी खायला सुरुवात केली, का, तर बक्षिसांवरची ज्वारी हलायला नको. ती भाकरी म्हणजे काय सांगू, गिळता गिळता डोळ्यांत पाणी यायचं. आबा मात्र चारचौघांत आईचं कौतुक करायचे. म्हणायचे, "बाई लई काटकसरीची हाय."

आबाही तेव्हा रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जात होते. पहिले काही दिवस तोंडाला उपरणं गुंडाळून गेले, ओळखू येऊ नये म्हणून. मग बघितलं तर शेजारच्या ढिगावर पाटील बसलेले. दुसऱ्या दिवसापासून उपरणं घरीच राहिलं.

त्या दिवशी कामाला सुट्टी होती. टँकर आला म्हणून आई आणि मी हंडे घेऊन पळालो. मागे आत्या आली, आबांची धाकटी बहीण, पाथर्डीकडे दिलेली. तिच्या घरात दाणा नव्हता. भाऊ बहिणीला रिकाम्या हाती कसा पाठवणार? आम्ही घरात नव्हतो, म्हणून आबा स्वतःच उठले.

मी डोक्यावर हंडा घेऊन दारात आले तर कणगीच्या बाहेर आबांचे दोन पाय हवेत. बाकीचे आबा आत. हंडा कसा पडला नाही देव जाणे. पाय खाली आले, आबा ताठ उभे राहिले, मिशांना भुसा आणि हातात कप. शेजारी ढाल आणि रेकॉर्ड आधीच काढून ठेवलेली होती.

"हे काय हाय?"

आत्याच मधे बोलली, "आगं बया! पोरानं कुस्ती मारली व्हय? ढाल मिळाली की!"

वाट आयती होती. नुसतं हो म्हटलं असतं तर आबांनी गावभर पेढे वाटले असते. पण दादा दुपारच्या एसटीने येणार होता, आणि त्याच्या दंडाकडे बघून कुणीही हसलं असतं. शिवाय मला त्या मिलोचा आणि ह्या खोटेपणाचा एकदमच वीट आला.

"कुस्ती न्हाई, आत्या," मी म्हटलं. "दादा वाजवतो. वाजवून मिळालंय सगळं."

आई मागे हंडा धरून तशीच उभी राहिली. आबांनी कप उलटा करून त्यातली ज्वारी आत्याच्या पिशवीत ओतली. मग मला विचारलं, "कुनी दिलं?"

"मुंबईच्या मोठ्या लोकांनी. स्टेजवर बोलावून."

"लोक हुते?"

"हॉल भरला होता."

"आन् फेटा कसला बांधला?"

"फेटा न्हाई बांधला. हातात हात दिला फक्त."

आबा भडकले. इतका वेळ मी ज्याची वाट बघत होते तो राग आला, पण आला भलतीकडेच. "एवढ्या लोकांत बोडकं उभं केलं पोराला? ढाल दिली आन् फेटा न्हाई? असली कसली मानसं म्हनायची ही!"

मी आईकडे बघितलं. तिने हंडा खाली ठेवला आणि पदराने तोंड पुसायचं निमित्त करून हसून घेतलं. मला मात्र रडूच आलं. इतक्या दिवसांचं छातीवरचं ओझं उतरलं होतं.

दुपारी दादा आला, खांद्यापर्यंत केस वाढवून. ओसरीवर मांडलेली ढाल बघून उंबऱ्याबाहेरच थबकला. आबा म्हणाले, "आत ये. बस खाली." आणि स्वतःचा जत्रेचा फेटा काढून त्याच्या डोक्याला बांधायला लागले. "या झिपऱ्यांचा एवढा तरी उपेग हाय," ते पुटपुटले, "फेटा घसरायचा न्हाई."

उरलीसुरली ज्वारी आत्याला दिल्यावर कणगी पार रिकामी झाली. आई कावरीबावरी झाली. कितीही ओढगस्त असली तरी तळ झाकण्यापुरते मूठभर दाणे ठेवायचे, ही तिच्या सासूपासूनची शिकवण. आबांनी ढाल उचलली आणि तळाशी नीट ठेवली, तिच्यावर रेकॉर्ड, तिच्यावर कप. "ऱ्हाऊ दे हितंच. तळ मोकळा दिसाया नको."

मग दादाकडे वळून विचारलं, "ते लाकूड कुठं हाय?"

दादा खाली मान घालून म्हणाला, "पुणे रोडला. चहाच्या दुकानात."

"आपली वस्तू दुसऱ्याच्या दारात कशाला? घिऊन ये घरी."

दादा उठला आणि फेट्यासकट पुणे रोडकडे पळत सुटला.