सदतिसाचा पाढा

मेघाश्रीला तेविसाच्या पुढचे पाढे कधी धड आले नाहीत, पण सदतिसाचा पाढा ती झोपेतही म्हणेल. इस्पितळाच्या न्यूक्लिअर मेडिसिन विभागात तिची अख्खी नोकरी गेली आणि तिथं या पाढ्यावाचून पान हलत नाही. औषधात किरणोत्सार किती हवा ते डॉक्टर जुन्या मापात लिहितात, मिलिक्युरीत. यंत्र दाखवतं नव्या मापात, मेगाबेकरेलमध्ये. एक मिलिक्युरी म्हणजे सदतीस मेगाबेकरेल. गुणायचं आणि द्यायचं.

घराणं बंगळूरमधलं जुनं, मराठी शिंप्याचं. वडील नरसिंहराव माप घेताना "इंची छत्तीस" असं ओरडायचे आणि कापणारा कारागीर "इंची छत्तीस" असं परत ओरडायचा. टेपची एक बाजू इंचाची, दुसरी सेंटिमीटरची. नुसत्या छत्तीसवर कात्री लावायची नाही, हा त्यांचा हट्ट. लहानपणी मेघाश्रीला या आरडाओरड्याची लाज वाटे. इस्पितळात आकडे हळू आवाजात आणि नुसतेच सांगतात, याचं तिला बरंच वाटलं होतं.

त्या दिवशी किरणोत्सारी आयोडीनच्या दोन कॅप्सूल द्यायच्या होत्या. दोन्ही शिशाच्या सारख्याच डब्यांत. एक वेदिकाची. पुण्याहून नोकरीसाठी आलेली, सर्जापूर रोडला राहणारी मुलगी. थायरॉइड नको तितकी जोरात चाललेली, म्हणून पंधरा मिलिक्युरी. दुसरी होसकोटेच्या गुंडोंची. त्यांचं कॅन्सरचं ऑपरेशन झालेलं, त्यांना दीडशे.

"स्वल्प बस, आलंच हं," मेघाश्री म्हणाली, तशी वेदिका हसली.

"ताई, तुमचं मराठी फार गोड आहे." मग तिचा चेहरा उतरला. "ईरा दीड वर्षाची आहे. काही दिवस तिला जवळ घ्यायचं नाही म्हणे. मी एक रात्र राहिले नाहीये हो तिच्याशिवाय."

आतून रम्याने, हाताखालच्या मुलीने, यंत्रावरचा आकडा सांगितला. "अक्का, ट्रिपल फाइव्ह."

सदतीस दाहे तीनशे सत्तर, सदतीस पंचे एकशे पंच्याऐंशी. झाले पाचशे पंचावन्न. बरोब्बर पंधरा. "सरी, बरोबर आहे, दे," मेघाश्री मान न वळवता म्हणाली. रम्याने कॅप्सूल आणली आणि वेदिकाने पाण्याबरोबर गिळली.

मग गुंडोंची तयारी करायला मेघाश्री आत गेली. उरलेली कॅप्सूल तिने यंत्रात ठेवली. पडद्यावर पाचशे पंचावन्न.

दीडशे मिलिक्युरी म्हणजे साडेपाच हजारांवर मेगाबेकरेल. आकडा तेवढा फुगला की यंत्र आपणहून मेगा सोडून हजारपट मोठ्या गिगावर जातं आणि दाखवतं पाच पॉइंट पाच पाच. तेच तीन पाच. रम्याने मधलं टिंब पाहिलं नव्हतं, कोपऱ्यातलं अक्षर पाहिलं नव्हतं. आणि 'ट्रिपल फाइव्ह काय?' असं मेघाश्रीने विचारलं नव्हतं. वेदिकाच्या पोटात गुंडोंची कॅप्सूल होती, दहापट.

रम्या दबक्या आवाजात म्हणाली, "अक्का, तिची थायरॉइड मारायचीच होती ना? कोणाला कळणार आहे? गुंडोंसाठी दुसरी मागवू."

खरं सांगायचं तर मेघाश्रीलाही गप्प बसायचा मोह झाला. नोकरी डोळ्यांसमोर आली, इतक्या वर्षांचं नाव आलं. पण बाहेर बसलेली ती पोर आज घरी जाईल, थोडे दिवस कळ काढेल आणि मग हे सगळं अंगात घेऊन लेकराला कुशीत घेईल. कॅप्सूल विरघळायला वेळ लागत नाही. तिने डॉक्टर गुरुप्रसादांना फोन लावला. "चुकीची कॅप्सूल गेली, सर. 'सरी' मी म्हटलं होतं."

मग ती स्वतःच वेदिकासमोर जाऊन उभी राहिली. "तुला पंधरा द्यायचे होते, दीडशे गेले. चूक माझी. मला काय बोलायचं ते नंतर बोल, आधी या गोळ्या घे."

वेदिकाने विचारलं, "ईरा?"

"तिच्याकडे जाशील. आधी गीळ."

नळी घालून पोट धुतलं. गोळ्या साध्या आयोडीनच्या होत्या. थायरॉइड त्यानेच भरली की किरणोत्सारी आयोडीनला जागा उरत नाही. पाणी पाज, पाणी पाज, असं चाललं होतं. वेदिकाला शिशाच्या दाराच्या खोलीत एकटं ठेवलं. मेघाश्री सकाळ-संध्याकाळ मीटर घेऊन दारात उभी राही. वेदिका तिच्याकडे पाठ करून बसे. फोनवर ईरा रडायची ते बाहेरपर्यंत ऐकू येई. मीटरचा काटा उतरत गेला, तसा कुठे तिचा जीव भांड्यात पडला.

थायरॉइड वाचली, पण दुखणंही तिथंच राहिलं. उपचार पुन्हा करणं आलं. त्यासाठी वेदिका दुसऱ्या इस्पितळात जाणार, असं सगळ्यांनी धरलंच होतं. काही महिन्यांनी ती आली आणि तिने मेघाश्रीलाच बोलावलं.

कॅप्सूल समोर होती. वेदिकाने ती घेण्याआधी विचारलं, "किती?"

"पंधरा."

"पंधरा काय?"

"पंधरा मिलिक्युरी. पाचशे पंचावन्न मेगाबेकरेल."

"पाचशे पंचावन्न मेगाबेकरेल," वेदिका मोठ्याने म्हणाली. आतून रम्यानेही तेच परत म्हटलं.

"दुसरीकडे का नाही गेलीस?" मेघाश्रीने न राहवून विचारलं.

"तिथं चूक झाली तर मला सांगेल कोण?" वेदिका म्हणाली आणि तिने पाण्याचा पेला उचलला.