कंट्रोलची तूर

हे सगळं मला नीट आठवतंय का, याची माझी मलाच खात्री नाही. सगळी नोकरी मातीच्या संशोधनात गेली. निवृत्त झाल्यावर आकडे विसरले आणि लोकांची बोलणी तेवढी साचून राहिली, तीही एकमेकांत मिसळलेली. कुणाचं वाक्य कुणाच्या तोंडी गेलं असेल तर ते माझं वय समजा.

औरादजवळ काशिनाथअप्पांच्या रानात आम्ही तुरीचा प्रयोग लावला होता. शेजारी शेजारी दोन तुकडे. एकाला गांडूळखत, दुसऱ्याला काहीच नाही. अप्पांनी शब्द दिला होता, फरक दिसला तर पुढच्या सालापासून सगळ्या रानाला हेच खत. तेव्हापासून मला एकच घोर. पुस्तकातला फरक अप्पांच्या रानात दिसेल ना?

*

खतासाठी गांडुळं भालकीहून आणायची होती. अप्पा आणि मी ओलं पोतं घेऊन बसमध्ये चढलो.

"काय हाय ह्यात?" कंडक्टरनं विचारलं.

मला खोटं बोलता येत नाही. "गांडुळं."

"जित्ती?"

"हो."

"मग तिकीट लागतंय." तो जरा विचारात पडला. "हाफ फाडू का फुल?"

मागून अप्पा म्हणाले, "फुल फाडा. कामाला चालल्यात ती."

*

पेरणी झाल्यावर बिनखताच्या तुकड्यावर मी पाटी लावली, 'कंट्रोल'. तुलनेसाठी ठेवलेल्या तुकड्याला शास्त्रात तसंच म्हणतात. दुसऱ्या दिवशी एक म्हातारे रिकामी पिशवी घेऊन बांधावर हजर. या भागात रेशनच्या दुकानाला कंट्रोल म्हणतात, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

"साहेब, डाळ कवा वाटायलाव?"

मी समजावलं, बाबा, इथे कुणालाच काही मिळत नाही. काही न देणं हाच प्रयोग आहे.

"मग कंट्रोलच हाय की," म्हणाले, आणि पिशवी झटकून गेले.

*

तूर गुडघ्याएवढी झाली तेव्हा खताच्या तुकड्यातलं एक रोप उपटून मी मुळांवरच्या गाठी दाखवल्या. अप्पांचा चेहरा उतरला.

"दुखत्यात का?"

"रोपाला कसं दुखेल, अप्पा?"

"तेच म्हणायलोय. न दुखणारी गाठ वाईट असती."

त्यांच्या बायको, महादेवीअक्का, शेण लावलेली टोपली घेऊन उभ्या होत्या. म्हणाल्या, "न्या मग बिदरला दवाखान्यात. बसचं तिकीट फाडायची सवय हायच तुमाला."

मी नखानं गाठ फोडली. आत गुलाबी. या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र पिकाला देतात, हे सांगितल्यावर अप्पा सावरले. कंट्रोलमधल्या रोपाला गाठी थोड्याच होत्या, रोपही खुरटं. फरक डोळ्यांना दिसत होता. त्या आठवड्यात मी चक्क निवांत होतो.

*

मग काढणी-मळणी होऊन रास झाली. दोन्हीकडची तूर तोलली. कंट्रोलची जरा जास्तच भरली.

अप्पांनी दोन्ही पोती पुन्हा एकदा काट्यावर चढवून बघितली. "साहेब, तुमचं खत काहीच न खाणाऱ्याच्या मागं पडलं की."

पुढच्या सालापासून त्यांचं रान पुन्हा पोत्यातल्या रासायनिक खतावर गेलं. मी उतार तपासला, पाण्याचा निचरा तपासला, तिथे पूर्वी गुरं बसत होती का तेही विचारलं. काही सापडेना. शेवटी मी स्वतःच्या पदवीवरच संशय घ्यायला लागलो.

*

बऱ्याच वर्षांनी एका लग्नात महादेवीअक्का भेटल्या. पंगत उठली होती, आम्ही मांडवात टेकलो होतो. राहवेना, म्हणून विचारलं, "अक्का, त्या साली कंट्रोलमध्ये काय झालं असेल हो?"

"काय व्हतंय? तुमी गावाला गेलाव की मी टोपली टोपली टाकायचे त्याला. शेजारी ताट वाढायचं आन् ह्यानं नुसतं बघत बसायचं, कामून?"

मी सरसावून बसलो. "कुठलं खत टाकलंत?"

"तुमच्याच गांडुळाचं. दुसरं कुठलं?"

"शेजारच्याएवढंच?"

"न्हाई. मागनं जेवायला बसलेला व्हता तो. जरा जास्तच वाढलं."