मॅपनं आम्हाला मागच्या गेटवर सोडलं

बाबांच्या निवृत्तीच्या दिवशी आई आणि मी काळेवाडीतून दीड वाजता निघालो. तीनला चाकणला, त्यांच्या कंपनीत सत्कार होता. इतक्या वर्षांत आईनं कंपनी कधी पाहिली नव्हती. बाबांच्या खांद्यावर शाल पडताना बघायची, एवढीच तिची इच्छा. त्यासाठी तिनं लग्नातला शालू बाहेर काढला होता.

बाबांना रस्ता विचारून उपयोग नव्हता. "कंपनीच्या बसमध्ये बसायचं, डोळे मिटायचे. उघडले की कंपनी आलेली असते," एवढंच त्यांचं रस्त्याचं ज्ञान. शेवटच्या दिवशीही ते हट्टानं पहाटेच्या बसनंच गेले. मी पडले आयटीतली. नवी गाडी, हातात मोबाईल. म्हटलं, "आई, मॅप आहे ना!"

मोशीपर्यंत मॅप शहाण्यासारखा वागला. मग ट्रॅफिक चुकवायच्या नादात त्यानं आम्हाला कुठून कुठून फिरवून थेट चाकणच्या कांदा मार्केटात घातलं. पुढं कांद्याचा ट्रक, मागं कांद्याचा ट्रक, आणि मोबाईलमधली बाई शांतपणे सांगतेय, सरळ जा. एका हमालानं काचेवर टकटक केलं. "मॅपवाले ना? आज तुमी तिसरे." त्यानंच ट्रक मागं घ्यायला लावून आमची सुटका केली. तिथून मॅपनं आम्हाला शेतातल्या कच्च्या वाटेला लावलं. वाटेत म्हैस आडवी उभी. तीन वाजून गेले होते. मी मॅपला, ट्रकला, म्हशीला, सगळ्यांना शिव्या घालत होते. आई सारखी घड्याळाकडं बघत होती आणि तेच मला जास्त लागत होतं.

"तुम्ही पोहोचला आहात," असं ऐकू आलं तेव्हा आम्ही कंपनीच्या मागच्या गेटवर होतो, जिथून भंगार बाहेर जातं.

"कामगार मोबाईल घेऊन आतनंच इकडनं तिकडं जात्यात," वॉचमन म्हणाला, "म्हनून मॅपला वाटतंय, ह्यो रस्ताच हाय. मेन गेटला वळसा घालायचा तर आत्ता शिफ्ट सुटलीय ताई, तासभर जाईल."

आईच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पाहून वॉचमननं बाबांचं नाव विचारलं, आत फोन लावला, परवानगी मिळवली आणि दोन हेल्मेटं आणली. "चला माझ्यासंगं. पिवळ्या पट्ट्यांच्या मधनंच चालायचं."

शालू, गजरा आणि वर हेल्मेट! मला हसू आवरेना. आई मात्र देवळात आल्यासारखी जपून पावलं टाकत होती. मध्येच वॉचमन थांबला. "ह्ये काकांचं मशीन."

त्यावर दुसऱ्या शिफ्टचा माणूस काम करत होता. तो हसून बाजूला झाला. मशीनसमोरची जमीन दोन पावलांपुरती झिजून गुळगुळीत झाली होती. आई पुढं झाली आणि नेमकी तिथं उभी राहिली. उशीर होत होता, पण तिला चल म्हणायचं माझ्या जिवावर आलं.

हॉलमध्ये पोहोचलो तर खुर्च्या उचलणं चाललं होतं. बाबा मांडीवर नारळ घेऊन दाराकडं बघत एकटेच बसले होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"कुठं होतात?" त्यांनी विचारलं.

"तुमच्या मशीनपाशी," आई म्हणाली.

बाबांनी मांडीवरचा नारळ बाजूला ठेवला. "चालू होतं?"

"होतं."

सत्काराच्या वेळी बाबांच्या डोळ्यांतून टिपूसही आलं नाही, असं खुर्च्या उचलून घेणारे त्यांचे सुपरवायझर मला कौतुकानं सांगत होते. आता मात्र बाबांनी नव्या शालीचं टोक डोळ्यांना लावलं.